अकरावी खुर्ची

मोठ्या कंपनीचे संचालक नेमकं काय करतात, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. मी तो विचारला, आणि तोही खुद्द संचालकांना, एकेकाला गाठून. त्यानंतर जे घडलं ते आठवून आमच्या इमारतीतले लोक अजून हसतात. माझा मेहुणा तेवढा हसत नाही, पण तो तसाही फारसा हसत नाही.

सगळ्यात आधी सांगून टाकतो की मी संचालक नाही. हे असं मुद्दाम सांगायची वेळ जगात फार थोड्या माणसांवर येत असेल. मी एका बड्या ऊर्जा कंपनीत, सचिव शाखेत, वरिष्ठ सहायक आहे. कोळसा, वायू, वारा, ऊन, ज्यातून म्हणून वीज काढता येते त्या सगळ्यात आमच्या कंपनीने हात घातलेला आहे. त्यामुळे गल्लीतले दिवे गेले की लोक मेणबत्ती शोधायच्या आधी माझं दार ठोठावतात, जणू मीच बटण बंद करून बसलोय. मी वीज बनवत नाही, विकत नाही, तोडत नाही, मी फक्त कंपनीचा वार्षिक अहवाल लिहितो, हे समजावण्यात माझा अर्धा जन्म गेला. उरलेला अर्धा त्या अहवालातले स्वल्पविराम तपासण्यात गेला. ऑफिसात मला 'स्वल्पविराम' म्हणतात ते त्यामुळेच, अशी माझी समजूत आहे. बढतीच्या रस्त्यावर मी जिथे थबकलो आहे त्याच्याशी या नावाचा संबंध जोडणारेही काही आहेत. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.

माझं टेबल बोळात आहे, झेरॉक्स मशीन आणि पाण्याचा कूलर यांच्या बरोबर मधे. ज्याला तहान लागते तो माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि ज्याचा कागद मशीनमध्ये अडकतो तो माझ्याकडे बघून चिडतो. मला एक खोली हवी होती. मोठी नको, खिडकीही नको, पण दार हवं. कोणीतरी त्यावर टकटक करावं, 'येऊ का?' असं विचारावं आणि मी जरा वेळ लावून 'या' म्हणावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. मेहुण्याला त्याच्या कारखान्यात खोली आहे, आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली आहे. ही माहिती तो दर भेटीत नव्याने देतो.

तर त्या वर्षी आमच्या कंपनी सचिवांनी, म्हणजे ज्यांना आम्ही सगळे बाईसाहेब म्हणतो त्यांनी, मला बोलावलं आणि तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी होत असल्याचं सहज बोलल्यासारखं सांगितलं. आमच्याकडे खोली द्यायचा अधिकार फक्त संचालक मंडळाला आहे, आणि तोही एकमताने. पूर्वी कधीतरी दोन महाव्यवस्थापकांत एका खोलीवरून एवढी जुंपली होती की तेव्हापासून हा नियम झाला. बाईसाहेब म्हणाल्या, यंदाचा अहवाल एकही चूक न होता बाहेर पडला, तर तुमचं उपव्यवस्थापकपद आणि त्या खोलीचा प्रस्ताव मी स्वतः मंडळापुढे ठेवते. मी मान डोलावली. अहवालात चूक म्हणजे काय, हा माझा प्रांत होता. निदान तसं मला वाटत होतं.

अहवालात 'आपले संचालक मंडळ' नावाची दोन पानं असतात. अकरा संचालक, अकरा पासपोर्ट फोटो, आणि प्रत्येकाखाली त्यांची पार्श्वभूमी आणि भूमिका. ही पानं लिहायची आमची पद्धत वर्षानुवर्षं ठरलेली आहे. गेल्या वर्षीचा मजकूर घ्यायचा आणि अनुभवात एक वर्ष वाढवायचं. तीस वर्षांचा अनुभव असेल तर एकतीस करायचा. मजकुरातून शब्द काढायचा नाही, कारण काढलेला शब्द नेमका त्या साहेबांना प्रिय असतो. घालायचाही नाही, कारण तो दुसऱ्या साहेबांना खुपतो. अशा रीतीने आमचे संचालक दर वर्षी फक्त एका वर्षाने थोर होत असत.

पण यंदा अध्यक्ष नवे होते. त्यांना ही पानं 'जिवंत' हवी होती. सामान्य भागधारकाला कळलं पाहिजे की ही अकरा माणसं कोण, आली कुठून, आणि कंपनीत करतात काय. शिवाय पासपोर्ट फोटो नकोत, सगळ्यांचा मिळून एकच मोठा फोटो हवा. बाईसाहेबांनी हे सांगितलं आणि म्हणाल्या, "प्रत्येकाला जाऊन भेटा. विचारा, आपण काय करता."

घरी ही बातमी सांगितली तर बायको म्हणाली, "त्यात काय, सरळ विचारायचं." ती बँकेत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांना सरळ विचारत असते, तिला उच्चपदस्थांच्या भावनांची कल्पना नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य मात्र गंभीर झाले. मोठ्या माणसाला तो काय करतो हे कधी विचारू नये, त्याला काय करायचं राहून गेलं ते विचारावं, असा त्यांनी सल्ला दिला आणि स्वतःचं काय काय करायचं राहून गेलं ते जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगितलं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आधी त्यांना बसतं करा, तोंड उघडायला लावा, मग विचारा असं सुचवलं. ते सगळ्याच बाबतीत हेच सुचवतात.

मी पहिल्यांदा अर्थ संचालकांकडे गेलो. आपली भूमिका काय, असं विचारताच ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, साहेब, अजून मी काही मागितलेलं नाही. ते म्हणाले, सवय आहे. हीच माझी भूमिका, लिहून घ्या. तांत्रिक संचालकांनी बॉयलर कसा चालतो ते इतकं मन लावून सांगितलं की मला बॉयलर कळला, पण संचालक कळायचे राहिले. मनुष्यबळ संचालकांनी माझा प्रश्न डोळे मिटून ऐकला आणि "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं. मला काय वाटतं ते मी सांगत गेलो आणि बाहेर पडल्यावर लक्षात आलं की आपणच मुलाखत देऊन आलो. सरकारी प्रतिनिधी म्हणून आलेल्या संचालकांनी 'वर विचारून सांगतो' एवढंच सांगितलं. आम्ही होतो सर्वांत वरच्या मजल्यावर.

जोखीम समितीच्या अध्यक्षबाई कुठेही बसताना आधी दाराकडे बघतात, मग छताकडे, मग खुर्चीच्या पायांकडे. त्यांची पार्श्वभूमी विमा कंपनीतली. त्यांनी माझ्या पेनाचं टोपण लावून घ्यायला सांगितलं, नाहीतर शर्टाला शाई लागेल. परतताना खरोखरच लागली. लेखापरीक्षण समिती आणि मानधन समिती यांत कोण कोण असतं हे शोधायला गेलो तर कळलं की दोन्हीकडे तेच तीन सभ्य गृहस्थ आहेत. एका खोलीतून उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसले की समिती बदलते. चहा मात्र दोन्हीकडे वेगळा लागतो, असं त्यांच्यातल्या एकाने मला विश्वासात घेऊन सांगितलं.

हे सगळं गोड करून, अदबीने, एकाही साहेबाला खुपणार नाही असं मी लिहिलं. दहा परिचय झाले. राहिला अकरावा.

अकरावे संचालक म्हणजे आमचे 'अज्ञातवासी'. हे स्वतंत्र संचालक. ते दूर कुठेतरी डोंगरावर राहत आणि बैठकीला फोनवरून हजर असत. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या त्या काळ्या फोनमधून दर ठरावाला एकच शब्द येई, "सहमत." बैठकीचं इतिवृत्त मीच लिहीत असल्याने तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. किंचित घोगरा, थोडा उशिरा येणारा, आणि शेवटचा 'त' हळूच खाली ठेवणारा. चेहरा मात्र ऑफिसात कोणीच पाहिलेला नव्हता. जुन्या पासपोर्ट फोटोत एक भरघोस मिशी होती आणि तिच्या आसपास माणूस असावा असा संशय येत असे. मी फोन केला, पत्र लिहिलं, पुन्हा फोन केला. आपली पार्श्वभूमी आणि भूमिका सांगाल का, असं विचारल्यावर पलीकडून "सहमत" आलं आणि फोन बंद झाला. तेव्हा त्यांच्यापुरती मी जुनीच पद्धत वापरली. गेल्या वर्षीचा मजकूर घेतला, एक वर्ष वाढवलं.

मग फोटोचा दिवस उजाडला. निविदेत सर्वांत कमी दर भरला म्हणून आलेला फोटोग्राफर एरवी शाळेच्या वर्गांचे फोटो काढणारा होता. त्याने आमच्या संचालकांना उंचीप्रमाणे उभं केलं, दोघांना केस नीट करायला सांगितलं, आणि अर्थ संचालकांना हात मांडीवर ठेवायला लावले. अज्ञातवासी आले नव्हतेच. मधल्या रांगेत अकरावी खुर्ची रिकामी राहिली. ती काढली तर जोखीमबाई आणि सरकारी प्रतिनिधी फार जवळ येत होते आणि ते दोघांनाही मान्य नव्हतं. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "अहो, बसवा कोणाला तरी. नंतर त्यांचा चेहरा लावता येतो ना?" फोटोग्राफर म्हणाला, येतो. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणा साहेबांच्या ड्रायव्हरचा कोट माझ्या अंगावर चढवण्यात आला आणि मी बसलो. कोटाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच आधी संपत होत्या. पण खरं सांगतो, त्या दहा माणसांच्या मधे बसल्यावर माझी पाठ आपोआप सरळ झाली.

इथे आमच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. अहवालातली अक्षरं सचिव शाखेची आणि चित्रं प्रसिद्धी शाखेची. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या पानांवर चित्राच्या जागी काळा चौकोन असतो. त्या चौकोनात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या शाखेत नाक खुपसणं. मी अक्षरन् अक्षर तपासलं, एका ठिकाणी हुकलेला स्वल्पविराम पकडला, समाधानाने सही केली आणि अहवाल छापून देशोदेशीच्या भागधारकांकडे रवाना झाला.

आठवड्याने प्राचार्य अहवाल हातात घेऊन खाली आले. त्यांच्याकडे आमच्या कंपनीचे दहा शेअर होते आणि ते अहवाल पहिल्या पानापासून वाचणारे जगातले एकमेव वाचक होते. दारातच त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, केवढा हा विनय! इतकी वर्षं शेजारी राहता आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मला काही कळेना. त्यांनी पान उघडून दाखवलं. मधल्या रांगेत, आखूड बाह्यांच्या कोटात, ताठ पाठीने मी बसलो होतो. फोटोग्राफरला अज्ञातवासींचा जुना फोटो मोठा केल्यावर त्यातून वापरण्याजोगी एकच गोष्ट मिळाली होती, ती त्याने प्रामाणिकपणे माझ्या नाकाखाली लावली होती. खाली नाव त्यांचं होतं. ते नाव हे तुमचं कागदोपत्री नाव असणार, असं प्राचार्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोवर दातांचे डॉक्टर पुष्पगुच्छ घेऊन जिना चढत होते. पुष्पगुच्छाबरोबर त्यांनी दाबाचा विषय काढला. वीज कमी दाबाची येते, मशीन मधेच थांबतं, आणि पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहतो, आता तुम्हीच काय ते बघा. समोरच्या वकीलबाईंनी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल कंपनीला पाठवायच्या नोटिशीची प्रत माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने अभिनंदन केलं. मी संचालक नाही असं मी म्हटलं की लोक एकमेकांकडे बघून हसत आणि म्हणत, बघा, किती साधे आहेत. जन्मभर मी कोणीतरी आहे असं सांगत होतो तेव्हा कोणी मानलं नाही, आणि आता नाही म्हणतोय तर ऐकायला कोणी तयार नाही.

कळस घरातच झाला. रात्री जेवताना मेहुण्याचा फोन आला. त्यालाही अहवाल मिळाला होता. त्याने बहिणीला विचारलं, हे फोटोत भाऊजीच आहेत ना? आमची ही कधी खोटं बोलत नाही. बँकेत एक फाटकी नोट चालवून घेत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "हो दादा. हेच आहेत."

फोन ठेवल्यावर बराच वेळ आम्ही दोघंही जेवलो. मग ती म्हणाली, "खोटं कुठे बोलले? तुम्हीच आहात की." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "त्याच्या त्या आतल्या खोलीचं ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता." मला तिचा इतका लोभ वाटला की सांगता येत नाही, आणि भीतीही तेवढीच वाटली.

ऑफिसात बाईसाहेबांनी अहवाल माझ्यापुढे उघडा ठेवला आणि फोटोतल्या मिशीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, चित्रं प्रसिद्धी शाखेची. प्रसिद्धी शाखा म्हणाली, पण माणूस सचिव शाखेचा. दुरुस्तीपत्रक काढायचं तर मंडळाची मंजुरी हवी, मंजुरीला ज्यांच्या फोटोचा प्रश्न आहे त्यांची संमती हवी. अज्ञातवासींना फोन लावला. चेहरा बदलावा का, विचारलं तर म्हणाले सहमत. तसाच ठेवावा का, विचारलं तरी सहमत. विधी शाखेने बारीक अक्षरात अभिप्राय दिला की संचालक आणि त्यांचा फोटो यांत साम्य असावं असं कुठल्या कायद्यात म्हटलेलं नाही. शेवटी ठरलं असं की वार्षिक सभेला अज्ञातवासींनी यंदा स्वतः यायचं. त्यांच्या फेरनिवडीचा विषय होताच. अध्यक्ष दोन शब्दांत चूक सांगतील, खरा चेहरा लोकांना दिसेल, प्रकरण मिटेल. खोलीचा प्रस्ताव बाईसाहेबांनी फाइलमधून काढला नव्हता. पण सभेत एक जरी गडबड झाली तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. स्वल्पविरामावर सोडलेलं वाक्य किती भयंकर असतं ते मला तेव्हा कळलं.

सभेच्या दिवशी मी फायली घेऊन दारात पोचलो तर सुरक्षारक्षकाने खाडकन सलाम ठोकला. त्याच्या हातात अहवालातलं फोटोचं पान होतं, संचालक ओळखायला दिलेलं. "साहेब, मिशी काढलीत?" त्याने आपुलकीने विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत फायली काढून घेऊन मला थेट व्यासपीठावर नेऊन सोडलं. तिथे अकरावी खुर्ची रिकामीच होती. सभेची वेळ झाली, अज्ञातवासी आलेले नव्हते. मी मागे सरकू लागलो तसं जोखीमबाईंनी बजावलं की व्यासपीठाच्या कडेला उभं राहणं धोक्याचं आहे. बाईसाहेब दबक्या आवाजात म्हणाल्या, "बसा आता तिथेच. ते आले की उठा." मी बसलो. समोर सभागृह खच्चून भरलं होतं. तिसऱ्या रांगेत प्राचार्य होते, त्यांच्या शेजारी माझी बायको, आणि तिच्या शेजारी, मुद्दाम रजा काढून आलेला माझा मेहुणा.

अज्ञातवासी न आल्याने अध्यक्षांनी फोटोतल्या चुकीचा विषय पुढे ढकलला. आमच्याकडे न सुचलेली प्रत्येक गोष्ट पुढे ढकलली जाते. हिशेब मंजूर झाले, लाभांश मंजूर झाला, आणि पाहता पाहता फेरनिवडीचा विषय आला. अध्यक्षांनी नाव वाचलं आणि सभागृहाने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष घाईने पुढच्या ओळीकडे वळत होते, तेवढ्यात प्राचार्य माईकपाशी पोचले.

त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. मी यांना रोज पाहतो, ते म्हणाले. जिन्यातला दिवा हे स्वतः बदलतात. दाराशी आलेल्या कोणाला कधी परत पाठवत नाहीत. मग त्यांनी अहवाल उघडला आणि माझी, म्हणजे अज्ञातवासींची, पार्श्वभूमी मोठ्याने वाचली. "ऊर्जा क्षेत्रातील एक्क्याण्णव वर्षांचा प्रदीर्घ अनुभव." वाचून ते स्वतःच थांबले. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं. सभागृहात कुजबुज झाली. मला क्षणात उलगडा झाला. दर वर्षी मी एक वर्ष वाढवून मजकूर टायपिस्टबाईंकडे देत होतो, आणि त्याही पद्धतीला धरून त्यात एक वर्ष वाढवत होत्या. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून त्या गृहस्थांना दुप्पट वेगाने म्हातारं केलं होतं. बाकीच्यांचे परिचय यंदा नव्याने लिहिले म्हणून ते वाचले. प्राचार्य मात्र सच्चे शेजारी. एक्क्याण्णव तर एक्क्याण्णव, असं मनाशी ठरवून त्यांनी "अशा तपस्वी माणसाला आपण सर्वांनी निवडून द्यावं" असं म्हणून भाषण संपवलं. टाळ्या पडल्या. मेहुणाही वाजवत होता.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. सगळीकडे हात वर झाले. आणि अगदी शेवटच्या रांगेतून, सगळ्यांच्या जरा मागून, घोगरा आवाज आला.

"सहमत."

शेवटचा 'त' हळूच खाली ठेवलेला. मी पाहिलं. पाण्याच्या टेबलापाशी एक बुटके, मिशी नसलेले, सुरकुतलेल्या शर्टातले आजोबा हात वर करून बसले होते. दारात त्यांचा चेहरा फोटोशी जुळला नाही म्हणून रक्षकाने त्यांना साध्या भागधारकांच्या रांगेतून आत सोडलं होतं. आपल्या खुर्चीत दुसराच कोणी बसलेला समोर दिसत होता आणि तरी त्यांनी निमूटपणे हात वर केला होता.

मी बाईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी बारीक मान हलवली. मला कळलं. गप्प राहायचं. ठरावात नाव त्यांचं आहे, निवड त्यांचीच होणार, कायद्याने कुठेच काही बिघडत नाही. सभा सुरळीत संपते, मेहुणा टाळ्या वाजवत घरी जातो, आणि तिसऱ्या मजल्यावर माझं दार माझी वाट बघतं. उठलो तर यातलं काहीही उरत नाही. पण तो म्हातारा अजूनही हात वर धरून बसला होता आणि मला स्वतःची फार लाज वाटली. बोळात बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही म्हणजे काय होतं, हे मला नाही कळणार तर कोणाला?

मी उठलो. माईक चालू होता की नाही कोण जाणे, पण माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी संचालक नाही," मी म्हणालो. "मी फक्त त्यांचा परिचय लिहितो. खरे संचालक तिथे मागे बसले आहेत. ही खुर्ची त्यांची आहे."

कुठूनतरी हसू फुटलं आणि अख्खं सभागृह हसलं. वर्तमानपत्रवाले उठून उभे राहिले. ते आजोबा गर्दीतून वाट काढत हळूहळू वर आले. मी खुर्ची मागे ओढून दिली. बसताना त्यांनी माझ्या दंडाला धरून आधार घेतला, एवढंच. मेहुण्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बायकोकडे पाहिलं तर ती टाळ्या वाजवत होती. एकटीच वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या, त्याही हवामानाच्या खाली. बाईसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की प्रस्ताव फाइलमध्ये आधीच घातलेला आहे, तो काढायलाही मंजुरी लागते, म्हणून मंडळापुढे जाईल, पण आशा ठेवू नका. मी ठेवली नव्हती.

मंडळाच्या बैठकीत माझाच विषय असल्याने नियमाप्रमाणे मी बाहेर जायला हवं होतं. पण मी गेलो तर इतिवृत्त कोण लिहिणार, म्हणून मला भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं. मागे चर्चा चालू होती आणि मी ती लिहून घेत होतो. अर्थ संचालक सवयीने नाही म्हणाले. जोखीमबाईंनी असा माणूस दारामागे नजरेआड बसवण्यातले धोके सांगितले. सरकारी प्रतिनिधी वर विचारणार होते. मनुष्यबळ संचालकांनी तुम्हा सगळ्यांना काय वाटतं असं विचारलं. मी 'प्रस्ताव नामंजूर' असं लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात टेबलावरच्या काळ्या फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मी बोलू का?"

माझ्या पाठीमागे कोणाच्या तरी हातातला कप बशीवर आपटला. इतक्या वर्षांत त्या फोनमधून दुसरा शब्द आला नव्हता.

"ते गृहस्थ माझ्या खुर्चीत बसले होते," आवाज म्हणाला. "त्यांना उठायला कोणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून उठले. मी त्या खुर्चीत इतकी वर्षं आहे, पण मला एकदाही उठून बोलायचं सुचलं नाही. मला तर कोणी कधी विचारलंसुद्धा नाही की तुम्ही करता काय. यांनी विचारलं होतं, तेव्हाही मी सहमत म्हणून फोन ठेवला. खोली देऊन टाका त्यांना."

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "सहमत." जोखीमबाई म्हणाल्या, सहमत. ते तिघे सभ्य गृहस्थ एकामागोमाग एक म्हणाले, आणि वर न विचारता सरकारी प्रतिनिधींसह बाकीचेही म्हणाले. शेवटी अर्थ संचालकांनी मोठा श्वास घेतला आणि त्यांच्याही तोंडून तो शब्द एकदाचा निघाला. भिंतीकडे तोंड होतं ते बरं झालं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि इतिवृत्तात तसं काही लिहायची पद्धत नाही.

खोलीला दार आहे. ते नीट लागत नाही, आणि लोक टकटक न करताच आत येतात, कूलर आता कुठे हलवला ते विचारायला. मेहुणा एकदा येऊन बघून गेला. आत आणखी खोली आहे का, असं त्याने विचारलं. बायको म्हणाली, नाही दादा, पण यांनी ही स्वतः कमावली. दातांच्या डॉक्टरांचा दाब अजून कमीच आहे.

यंदाच्या अहवालासाठी मी अकराव्या संचालकांना पुन्हा फोन केला. या वेळी ते बराच वेळ बोलले. त्यांची पार्श्वभूमी मी पुन्हा पहिल्यापासून लिहिली, एक्क्याण्णवातली जास्तीची वर्षं सन्मानाने काढून टाकली, आणि भूमिका या जागी एकच शब्द लिहिला: बोलतात. टायपिस्टबाईंनी कागद हातात घेऊन विचारलं, "यात एक वर्ष वाढवायचं का?" मी म्हटलं, "नको. यांचं हे पहिलंच आहे."